बाल-संचारबंदी व गृहशिक्षण
ठराविक वयाखालील मुलामुलींनी दिवसाच्या वा रात्रीच्या ठराविक वेळेत, आईवडील किंवा अन्य जबाबदार प्रौढ व्यक्ती सोबत नसताना, सार्वजनिक ठिकाणी असू नये, असा निर्बंध घालणाऱ्या कायद्यांस बाल-संचारबंदी कायदे म्हणतात. हे कायदे प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतात. ते बहुधा नगरपालिकांचे उपविधी असतात. इंडियानासारख्या काही राज्यांनी मात्र राज्यव्यापी अधिनियम केले आहेत. भारतात संचारबंदी म्हटली, की दंगलीसारख्या असाधारण परिस्थितीत सर्व नागरिकांवर काही काळापुरता घातलेला निर्बंध डोळ्यांपुढे येतो (पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचे कलम १४४, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३). अमेरिकेतील बाल-संचारबंदी याहून दोन बाबतींत वेगळी आहे : ती नित्याची असते आणि केवळ वयावर आधारलेली असते.

या कायद्यांचे रात्रीची संचारबंदी व दिवसाची संचारबंदी असे दोन प्रकार पडतात. रात्रीचा निर्बंध साधारणतः अकरा किंवा बारा वाजल्यापासून पहाटेपर्यंत असतो. दिवसाचा निर्बंध शाळेच्या वेळेपुरता असून, शाळा चुकवून भटकणाऱ्या मुलांना आळा घालणे हा त्याचा हेतू होय. मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविणाऱ्या कुटुंबांचा या कायद्यांशी जो झगडा झाला, तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराशी.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ‘कर्फ्यू’ हा शब्द ‘विस्तव झाका’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दप्रयोगावरून आला आहे. मध्ययुगीन यूरोपात रात्री ठराविक वेळी घंटा वाजवून चुली विझविण्याची सूचना देत असत. लाकडी घरांच्या दाट वस्तीत आगीचे भय मोठे होते. अमेरिकेत मुलांपुरती संचारबंदी लावणारा पहिला उपविधी नेब्रॅस्का राज्यातील ओमाहा शहराने १८८० मध्ये केला, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतरच्या दोन दशकांत औद्योगिक शहरांची वाढ, परदेशांतून येणाऱ्या स्थलांतरितांचे लोंढे आणि रस्त्यावर वावरणाऱ्या त्यांच्या मुलांविषयी प्रतिष्ठित वर्गाला वाटणारी धास्ती यांमुळे अशा उपविधींचा प्रसार झाला. दुसऱ्या महायुद्धात वडील आघाडीवर व आई कारखान्यात अशी अनेक घरांची स्थिती झाली, तेव्हा या उपविधींना पुन्हा चालना मिळाली. पुढे तीनचार दशके बरेच उपविधी कागदावरच राहिले.

१९९०–९५ च्या सुमारास अल्पवयीनांच्या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण वाढले आणि संचारबंदीला नवे राजकीय वजन प्राप्त झाले. रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांना ती सोयीची वाटली, कारण तिला नवा खर्च फारसा लागत नव्हता. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १९९६ मध्ये तिचा जाहीर पुरस्कार केला. त्या वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील मनरोव्हिया या लहानशा शहराला भेट दिली. मनरोव्हियाने १९९४ मध्ये शाळेच्या वेळेत मुलांना रस्त्यावर येण्यास बंदी केली होती व तिचे उदाहरण देशापुढे ठेवले जात होते. अमेरिकेतील महापौरांच्या परिषदेने १९९७ मध्ये ३४७ शहरांची पाहणी केली. तीत सुमारे ८० टक्के शहरांत रात्रीची बाल-संचारबंदी असल्याचे दिसून आले. दिवसाची संचारबंदी त्यामानाने बऱ्याच कमी शहरांत होती. परंतु ती वाढत होती.

गृहशिक्षणाची कायदेशीर बैठक : सक्तीच्या शिक्षणाचा पहिला अमेरिकन कायदा मॅसॅचूसेट्सने १८५२ मध्ये केला, १९१८ मध्ये मिसिसिपीने तसा कायदा केल्यावर तो सर्व राज्यांत झाला. सक्ती शिक्षणाची की शाळेत जाण्याची, हा वाद तेव्हापासूनचा आहे. ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच जावे असा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये तो रद्द केला व मुलांचे संगोपन आणि शिक्षण यांना दिशा देण्याचा आईवडिलांचा अधिकार मान्य केला. अमिश पंथीयांना आपली मुले आठव्या इयत्तेनंतर शाळेत पाठविण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने १९७२ मध्ये दिला. दोन्ही निर्णयांत गृहशिक्षणाचा प्रश्न थेट नव्हता; तरीपण पुढील चळवळीने त्यांचा आधार घेतला.

गृहशिक्षणाच्या आधुनिक चळवळीत दोन प्रवाह आढळतात. शाळा या संस्थेवरच टीका करणारे शिक्षणविचारक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये या विषयाला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. हा एक प्रवाह होय. दुसरा व संख्येने मोठा प्रवाह धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबांचा. या कुटुंबांना न्यायालयीन साहाय्य देणारी एक राष्ट्रीय संघटना १९८३ मध्ये स्थापन झाली. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण वैध ठरले. केंद्रीय शिक्षण खात्याच्या अंदाजानुसार १९९९ मध्ये सु. ८·५ लाख मुले घरी शिकत होती. २०१२ मध्ये ही संख्या सु. १८ लाखांवर (शालेय वयाच्या मुलांपैकी ३·४ टक्के) गेली व २०१९ मध्ये ती सु. १५ लाख होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की प्रत्येक राज्याचे नियम निरनिराळे आहेत. न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनिया या राज्यांत पालकांना शिक्षण-अधिकाऱ्यांकडे लेखी सूचना व प्रगतीचे पुरावे द्यावे लागतात. कॅलिफोर्नियात घरी शिकविणारे पालक आपल्या घराची खाजगी शाळा म्हणून प्रतिज्ञापत्राद्वारे नोंद करतात. टेक्सस, ऑक्लाहोमा व आयडाहो यांत तर कोणत्याही नोंदणीची आवश्यकता नाही. टेक्सस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये अशा घरांना खाजगी शाळांचाच दर्जा दिला. म्हणजे ज्या राज्यांत गृहशिक्षण सर्वांत मोकळे, त्याच राज्यांत आपण घरी शिकतो हे दाखविणारा सरकारी कागद मुलाजवळ असण्याची शक्यता सर्वांत कमी.

संघर्षाचे स्वरूप : दिवसाच्या संचारबंदीमागे एक साधे गृहीत आहे : शाळेच्या वेळी मूल शाळेत असावयास हवे, ते रस्त्यावर दिसले तर काहीतरी बिघडले आहे. घरी शिकणाऱ्या मुलाचा दिवस या गृहीतात बसत नाही. एका शिक्षकामागे एकदोन विद्यार्थी असल्याने अभ्यास अनेकदा दुपारपूर्वीच आटोपतो. त्यानंतर ग्रंथालय, संग्रहालय, संगीताची शिकवणी, शेजारच्या कुटुंबाबरोबरचा एकत्र वर्ग, मोठ्या मुलांच्या बाबतीत अर्धवेळ काम, असा क्रम असतो. किंबहुना घराबाहेरील अशा फेऱ्या हा या शिक्षणाचा एक भागच मानला जातो. पंधरासोळा वर्षांचा मुलगा एकटाच सायकलीने ग्रंथालयात निघाला, तर लॉस अँजेल्समधील उपविधीच्या दृष्टीने सकाळी साडेआठ ते दुपारी दीड या वेळेत तो प्रथमदर्शनी निषिद्ध ठिकाणी असे.

बहुतेक उपविधींत घरी शिकणाऱ्यांसाठी अपवाद असतो. कायदेमंडळांपुढे वा नगरपालिकांपुढे गृहशिक्षक पालकांनी आक्षेप नोंदविले, की हा अपवाद घालून त्यांचे समाधान करण्याचा प्रयत्न होई. तथापि अपवादामुळे अडचण सुटत नाही. ती फक्त पुढे ढकलली जाते. अपवाद लागू आहे हे मुलाला थांबवून विचारल्यावाचून कळू शकत नाही. गाडी हाकणाऱ्याजवळ परवाना असतो, शाळेतील मुलाजवळ ओळखपत्र किंवा सुटीची चिठ्ठी असते. घरी शिकणाऱ्या मुलाजवळ फार तर आईने लिहिलेली चिठ्ठी असणार, आणि चिठ्ठी खरी की खोटी हे ठरविणे रस्त्यावरील शिपायाच्या मर्जीवर. म्हणून पालकसंघटनांनी छापील ओळखपत्रे देण्यास प्रारंभ केला. काही पालकांनी मात्र ती स्वीकारण्यास तत्त्वतः नकार दिला. निरपराध माणसाने आपले बाहेर असणे समर्थनीय आहे, हे कागद दाखवून पटवावे लागणे हीच मुळात हानी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

या म्हणण्याला घटनात्मक आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या निर्णयानुसार पोलिसाला एखाद्यास रस्त्यात थांबवावयाचे झाल्यास नेमक्या शब्दांत सांगता येईल असा, वस्तुस्थितीवर आधारलेला संशय असावा लागतो. दिवसाच्या संचारबंदीत कोवळा चेहरा हाच संशयास पुरेसा ठरतो. मध्यरात्री रस्त्यावर मुले थोडी असतात व त्यांपैकी कायदेशीर कामासाठी निघालेली आणखी थोडी. सकाळी दहा वाजता मात्र घरी शिकणारी मुले, वेगळे वेळापत्रक असलेल्या खाजगी शाळांतील मुले, दिसावयास लहान पण अठरा वर्षे पूर्ण केलेले तरुण अशी अनेक जणांची वर्दळ असू शकते. लॉस अँजेल्समध्ये तर गर्दीमुळे अनेक सरकारी शाळा आळीपाळीने वर्षभर भरत. तेथील कित्येक मुलांना ऐन शाळेच्या हंगामात रीतसर सुटी असे.

शाबितीचा भार कोणावर, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. उपविधीतील अपवाद दोन प्रकारे मांडता येतात. अपवाद लागू नाही असे पोलिसाला वाटल्याखेरीज कारवाईच करता येऊ नये, ही एक रीत. डॅलस शहराच्या १९९१ च्या उपविधीत ती होती : कारवाईपूर्वी पोलिसाने वय व बाहेर येण्याचे कारण विचारावे आणि बचावाचा कोणताही मुद्दा दिसत नाही अशी वाजवी खात्री झाल्यासच पुढे जावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. दुसऱ्या रीतीत अपवाद हा केवळ न्यायालयात मांडावयाचा बचाव असतो; मूल आधी ताब्यात जाते व त्याचे म्हणणे मागाहून ऐकले जाते. इंडियानाच्या रात्रीच्या संचारबंदीवरील खटल्यात हा फरक उघड झाला. १९९९ मध्ये तेथे उपाहारगृहातून रात्री बाहेर पडलेल्या काही मुलांना अटक करून त्यांची मद्य व मादक पदार्थांसाठी तपासणी करण्यात आली. पुढे राज्याने धार्मिक व राजकीय कार्यक्रमांना जाणाऱ्यांसाठी बचावाची तरतूद केली. परंतु सातव्या संघीय अपील न्यायालयाने २००४ मध्ये तीही अपुरी ठरविली. अटकेचा धोका कायम असताना मुले सभेस किंवा प्रार्थनेस जाण्याचेच टाळतील, असे कारण त्या न्यायालयाने दिले. हा निर्णय गृहशिक्षणासंबंधी नव्हता, पण त्यातील युक्तिवाद घरी शिकणाऱ्या मुलांना अधिकच चपखल लागू पडतो.

न्यायालयीन निर्णय : बाल-संचारबंदीच्या घटनात्मकतेवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अद्याप थेट निर्णय दिलेला नाही. त्यामुळे संघीय अपील न्यायालयांचे निर्णय परस्परविरोधी राहिले आहेत. पाचव्या न्यायालयाने १९९३ मध्ये डॅलसचा उपविधी कठोर छाननीनंतरही वैध ठरविला. चौथ्याने १९९८ मध्ये व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिलचा व कोलंबिया जिल्ह्याच्या न्यायालयाने १९९९ मध्ये राजधानीतील कायदा मान्य केला. उलट नवव्या न्यायालयाने १९९७ मध्ये सॅन डिएगोचा १९४७ पासूनचा उपविधी रद्द केला. ‘रेंगाळणे’, ‘भटकणे’, ‘खेळणे’ यांसारखे त्यातील शब्द संदिग्ध असून, आईवडिलांनी परवानगी दिली तरी मुलाला बाहेर राहता येत नाही, म्हणजे पालकांच्या अधिकारावरच तो आक्रमण करतो, असे न्यायालयाचे मत पडले.

संचारबंदीचे समर्थक सर्वोच्च न्यायालयाच्या १९४४ च्या एका निर्णयाचा आधार घेतात. मॅसॅचूसेट्समध्ये एक पालक स्त्री आपल्या नऊ वर्षांच्या भाचीसह सायंकाळी रस्त्यावर धार्मिक पुस्तिका वाटीत होती. तिला बालकामगारविषयक कायद्याखाली झालेली शिक्षा न्यायालयाने कायम केली व रस्त्यावरील धोक्यांपासून मुलांचे रक्षण करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. १९७९ च्या एका निर्णयात न्यायालयाने मुलांचे हक्क प्रौढांच्या हक्कांहून मर्यादित मानण्याची तीन कारणे दिली : मुलांची असुरक्षितता, महत्त्वाचे निर्णय विचारपूर्वक घेण्याची त्यांची असमर्थता आणि त्यांच्या संगोपनात पालकांना असलेले महत्त्व. संचारबंदीच्या खटल्यांत ही तीन कारणे जवळजवळ नेमाने उद्धृत होतात. तिसरे कारण मात्र दुधारी आहे. बेफिकीर पालकाला संचारबंदीची मदत होते, असे मानले तरी ज्या पालकाने मुलाच्या शिक्षणाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली आहे, त्याने दिलेली परवानगीच ती निरर्थक ठरविते.

दिवसाच्या संचारबंदीला गृहशिक्षक पालकांनी दिलेले सर्वांत महत्त्वाचे आव्हान मनरोव्हियातीलच होय. तेथील घरी शिकणाऱ्या मुलांना पोलिसांनी वारंवार थांबविले होते. शाळा चुकविणाऱ्यांचे काय करावयाचे हे राज्याच्या शिक्षणविषयक कायद्याने ठरविलेले असल्याने नगरपालिकेला त्या क्षेत्रात उपविधी करता येत नाही, असा पालकांचा मुख्य मुद्दा होता. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये तो फेटाळला. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा व सार्वजनिक ठिकाणच्या वावराचे नियमन यांची क्षेत्रे न्यायालयाने वेगळी मानली. उपविधीचा घोषित उद्देशच शाळाचुकार मुलांना आवरणे हा असल्याने ही विभागणी काहीशी कृत्रिम वाटते. याच राज्यात २००८ च्या फेब्रुवारीत एका अपील न्यायालयाने, मुलांना घरी शिकविणाऱ्याजवळ शिक्षकाची अधिकृत पात्रता हवी असा निर्णय दिला व ऑगस्टमध्ये फेरसुनावणीनंतर स्वतःच तो फिरविला. त्या सहा महिन्यांत गृहशिक्षक पालकांत मोठी घबराट पसरली. घराच्या चार भिंतींतील अधिकाराचे रक्षण त्यांनी अशा रीतीने केले. दाराबाहेरचा अधिकार मात्र नगरपालिकेच्या हाती राहिला.

परिणामकारकता : संचारबंदीमुळे गुन्हे घटतात, हा तिच्या समर्थकांचा दावा संशोधनाने फारसा उचलून धरलेला नाही. कॅलिफोर्नियातील आकडेवारीवरून १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संचारबंदीची अंमलबजावणी व अल्पवयीनांची गुन्हेगारी यांत अपेक्षित संबंध आढळला नाही. बारा अभ्यासांच्या २०१६ मधील एकत्रित परीक्षणाचाही निष्कर्ष, गुन्हे किंवा मुलांवरील अत्याचार संचारबंदीने कमी होत नाहीत, असाच होता. वॉशिंग्टन शहरातील गोळीबाराच्या ध्वनिनोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तर, रस्ते निर्मनुष्य झाल्याने गोळीबार वाढतो असे दाखविले. याउलट २०१२ मधील एका अभ्यासात संचारबंदीच्या वयोगटातील अटका घटल्याचे दिसले होते, हेही नमूद केले पाहिजे. शालेय दिवसांत अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे शाळा सुटल्यानंतरच्या तीनचार तासांत सर्वाधिक होतात, हे केंद्रीय न्यायखात्याच्या आकडेवारीवरून पूर्वीच स्पष्ट झाले होते. आणि ते तास दिवसाच्या व रात्रीच्या अशा दोन्ही संचारबंद्यांच्या बाहेर पडतात.

लॉस अँजेल्समध्ये उपविधीचा भंग करणाऱ्यास २५० डॉलरपर्यंत दंड होत असे. उशिरा का होईना, शाळेकडे निघालेल्या मुलांनाच शाळेच्या फाटकाजवळ दंडाची पावती मिळू लागली. ती चुकविण्यासाठी उशीर झालेली मुले तो दिवस घरीच काढू लागली. पावत्या मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वंशाच्या मुलांचा भरणा असल्याने नागरी हक्कांच्या संघटनांनी हा प्रश्न हाती घेतला व २०१२ मध्ये शहराने दंडाची तरतूद सौम्य केली.

टेक्सस राज्याच्या कायद्यानुसार नगरपालिकेला दर तीन वर्षांनी जाहीर सुनावणी घेऊन संचारबंदी चालू ठेवावयाची की नाही हे ठरवावे लागे. या तरतुदीमुळे गृहशिक्षक पालकांना आपले म्हणणे मांडण्यास नियमित व्यासपीठ मिळाले. डॅलसने २००९ मध्ये शाळेच्या वेळेतील संचारबंदी स्वीकारली, तेव्हा त्यांनी तिला कडाडून विरोध केला. एरवी सामाजिक प्रश्नांवर विरुद्ध टोकांना असणारे धर्मनिष्ठ गृहशिक्षक व नागरी हक्कांचे कार्यकर्ते या प्रश्नावर एका बाजूस आले. अखेरीस राज्य विधिमंडळाने २०२३ मध्ये नगरपालिकांचा व परगण्यांचा बाल-संचारबंदी लावण्याचा अधिकारच काढून घेतला. १ सप्टेंबर २०२३ पासून हा कायदा अंमलात आला. आपत्कालीन परिस्थितीतील अधिकार तेवढे राखून ठेवण्यात आले.

अन्यत्र चित्र वेगळे आहे. वॉशिंग्टन शहराने २०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या रात्रीच्या संचारबंदीची व्याप्ती सतरा वर्षांच्या मुलांपर्यंत वाढविली. दिवसाच्या संचारबंदीचे मूळ गृहीत मात्र २०२० च्या साथीने हलवून टाकले. त्या वर्षी शाळाच बंद पडल्या. जनगणना खात्याच्या पाहणीनुसार वसंत ऋतूत ५·४ टक्के कुटुंबांत गृहशिक्षण चालू होते. शरद ऋतूत हे प्रमाण ११·१ टक्क्यांवर गेले. शाळेच्या वेळी शाळेबाहेर असणे ही त्या काळात लाखो मुलांची नित्याची स्थिती झाली होती, आणि सकाळी दहा वाजता रस्त्यावर दिसणाऱ्या मुलाकडे पाहून तो शाळाचुकार आहे, असे कोणत्याही शिपायास सांगता आले नसते.